वच्छीची पाठवणी

हानोव्हर स्टेशनात गाडी थांबली आणि वच्छी पिठल्याचा डबा छातीशी धरून उभी राहिली.

"चला गं, उतरा खाली," ती म्हणाली. "पुढच्या भागात चौघींना पुरेल असं टेबल मोकळं आहे. तिथं बसून जेवू."

"पुढच्या भागात म्हणजे कुठं?" मी विचारलं.

"ह्या दोन गाड्या एकमेकींना जोडल्यात. आपण मागच्या गाडीत आहोत. आतून जायला वाट नाही, फलाटावरनं जायला लागतंय. चल की, सुटेल गाडी."

"आणि सामान?"

"सामान राहू दे इथंच. कोण नेतंय? जेवलो की पुढच्या एखाद्या स्टेशनात परत यायचं."

हुकूम सोडणं हे माझं खातं. मिरजेच्या इस्पितळातून मी मेट्रन म्हणून निवृत्त झाले, आणि अजूनही कुठं चार माणसं रिकामी उभी दिसली की त्यांना कामाला लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. वच्छीनं पुढं होऊन आम्हाला 'उतरा' म्हणावं हे आक्रीतच होतं. पण पोटात कावळे ओरडत होते आणि तिच्या बोलण्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. आमच्या जागा डब्याच्या दोन टोकांना आल्या होत्या. वर तो डबा शांततेचा. आपल्याकडे दवाखान्यात ओठांवर बोट ठेवलेल्या नर्सचं चित्र असतं ना, तसलंच एक चित्र खिडकीवर चिकटवलं होतं. आयुष्यभर लोकांना गप्प बसवत आलेल्या चार बायकांना तिथं बसवणं ही थट्टाच होती. आम्ही उतरलो आणि फलाटावरून भराभरा चालत पुढच्या भागात चढलो.

शिवाय आमचा एक नियम होता. नर्सिंगच्या हॉस्टेलात आम्ही चौघी एका खोलीत राहायचो, तेव्हापासूनचा. डबा एकटीनं उघडायचा नाही. एखादीची ड्यूटी लांबली तर बाकीच्या तिघी उपाशी बसायच्या, भाताची ढेकळं व्हायची, हौसा शिव्या घालायची, पण झाकण निघायचं नाही. पुढं लग्नं झाली, मुलं झाली, वॉर्ड वेगवेगळे झाले, तरी दुपारचं जेवण एकत्रच. जर्मनीत आलो म्हणून तो नियम मोडायचं काही कारण नव्हतं.

चौघी म्हणजे मी सरोज, रूथ, हौसा आणि वच्छी. रूथ लोखंडे ऑपरेशन थिएटरची. बोलणं कमी, पण जे बोलेल ते टाका घातल्यासारखं नेमकं. हौसा तासगावकडच्या खेड्यातली, बाळंतिणींच्या वॉर्डाची. तिनं वॉर्डात हाक मारली की फाटकावरचा वॉचमन ओ द्यायचा. आणि वच्छी, म्हणजे वत्सला, मिरज जंक्शनच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, रुळांचे सांधे बदलणाऱ्या पॉइंटमनची मुलगी. तिच्यासारखी नर्स मी दुसरी पाहिली नाही. पण स्वभाव असा, की कुणी नाइट बदलून मागितली की 'बरं'. वडील म्हणाले नर्सिंगला जा, बरं. सासू म्हणाली पगार माझ्या हातात दे, बरं. नवरा गेला, मुलगा मकरंद शिकायला परदेशी निघाला, बरं. आणि मग जर्मनीत कोलोनला स्थिरस्थावर झालेला तो मुलगा म्हणाला, आई, आता इकडेच ये कायमची राहायला. वच्छी त्यालाही बरं म्हणाली.

आमच्या त्या प्रवासाचं कारण हेच. मकरंदनं खटपट करून तिच्या राहण्याची परवानगी मिळवली होती. मिरजेतल्या तिच्या घराला गिऱ्हाईक ठरलं होतं. वच्छी एकटीच विमानात बसून जाणार होती, पण मी म्हटलं, छे! मुलीची पाठवणी करतो तशी आपण वच्छीची पाठवणी करू. नव्या नवरीबरोबर पाठराखीण जाते. वच्छीच्या लग्नात मीच गेले होते, सासरी तीन दिवस राहून, तिला स्वयंपाकघर दाखवून परत आले होते. या खेपेला पाठराखिणी तीन. व्हिएन्नाला उतरायचं, आगगाडीनं प्राग आणि बर्लिन बघत कोलोनला जायचं, वच्छीला मुलाच्या ताब्यात द्यायचं आणि आपण तिघींनी परत यायचं. झेंडा धरलेल्या गाइडमागं पळायला आम्ही काही शाळेची सहल नव्हतो. गाड्या मी ठरवल्या, लॉज मी ठरवले. तिघींची तिकिटं जाण्यायेण्याची आणि वच्छीचं फक्त जाण्याचं, तेही मीच काढलं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. हौसा आता नाही. पण त्या दिवशी बर्लिनच्या लॉजमध्ये सकाळी उठून तिनं केलेल्या पिठल्याचा वास अजून माझ्या नाकात आहे, आणि त्या गाडीतल्या लोकांच्याही असेल.

टेबल खरंच मोकळं होतं. हौसानं पिशवीतून पाव, पिठलं, शेंगदाण्याची चटणी आणि जयसिंगपूरच्या भडंगाची पुडी काढली. कांदा टेबलावर ठेवून तिनं मूठ उगारली तशी मी तिचा हात धरला.

"हौसे, इथं नको."

"मग काय सुरीनं कापू? त्याची सगळी चवच जाती." आणि तिनं हाणलाच. पलीकडे वर्तमानपत्र वाचणारा म्हातारा दचकला, मग हसला. हौसानं त्याच्यापुढं कांद्याची एक पाकळी धरली. त्यानं ती घेतली आणि खाल्लीसुद्धा.

जेवणाआधी रूथ प्रार्थना करायची, हाही हॉस्टेलपासूनचा रिवाज. आम्ही हात जोडले. रूथ डोळे मिटून म्हणाली, "प्रभू, हे अन्न दिलंस, उपकार आहेत. आज आमच्या वच्छीला तिच्या मुलाच्या घरी पोचवतोय. तिला तिथं सुखात ठेव. आमेन."

"आमेन," मी म्हटलं. हौसानंही म्हटलं. वच्छी मात्र पावाचे तुकडे करत होती.

एक सांगून टाकते. मी वरून कितीही खमकी असले तरी उद्यापासून वच्छी नाही, हे मला पेलत नव्हतं. पण पाठवणी करणाऱ्यांनी रडायचं नसतं. मुलगी मग जास्त रडते. म्हणून मी जोरजोरात जेवत होते आणि जोरजोरात बोलत होते. "कोलोनला काय थाट आहे बाई तुझा. नदीकाठी घर, रेवासारखी नात मांडीवर. मिरजेत काय ठेवलंय? सकाळी उठून लोकांची ब्लडप्रेशरं बघायची, ह्याला इन्सुलिन टोच, त्याची मलमपट्टी कर. पेन्शनीत गेलीस तरी तुझी ओपीडी काही बंद झाली नाही. आता आराम कर."

"हं," वच्छी म्हणाली.

"मकरंदसारखा मुलगा मिळायला नशीब लागतं."

"ते खरंय. गुणाचाच आहे तो."

गाडीचा वेग कमी झाला. हाम नावाचं स्टेशन येत होतं. छतातल्या भोंग्यातून बाई जर्मनमध्ये काहीतरी सांगायला लागली. लगेच वच्छी हौसाकडे वळली.

"हौसे, ती बोकडाची गोष्ट सांग की. किती दिवसांत ऐकली नाही."

हौसाला एवढं निमित्त पुरे. तिच्या वॉर्डात एका बाळंतिणीच्या सासरच्यांनी मुलगा झाला म्हणून डॉक्टरांना बोकड आणून दिला होता, आणि नेमकी त्याच दिवशी मुंबईहून तपासणी आली. हौसानं बोकड कपाटामागं बांधला आणि त्याच्या तोंडाला बँडेज गुंडाळलं. तपासणीचे साहेब वॉर्डात आले, कपाटामागून घुसमटलेला आवाज आला. साहेब म्हणाले, सिस्टर, ह्या पेशंटला धाप लागलीय, ऑक्सिजन द्या. इथवर आली की हौसा स्वतःच बोकडाचा आवाज काढायची. त्या दिवशी तो तिनं असा काढला, की अर्धा डबा मागं वळून बघायला लागला. आम्ही डोळे पुसत हसत होतो. भोंग्यातली बाई एव्हाना इंग्रजीत बोलत होती, पण तिच्याकडे लक्ष कोण देतंय? गाडीला एक हलकासा धक्का बसला आणि आम्ही पुन्हा चालू लागलो.

थोड्या वेळानं तिकीट तपासनीस आला. उंच, मिशाळ, अदबशीर माणूस. मी ऐटीत आमचं तिकीट पुढं केलं. त्यानं ते पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या पिठल्याकडे पाहिलं. सावकाश इंग्रजीत तो म्हणाला, "मॅडम, तुम्हाला कोलोनला जायचंय. ही गाडी तिकडे जात नाही. ही डुसेलडॉर्फला चाललीय. हाममध्ये दोन भाग वेगळे झाले. कोलोनचा भाग मागं होता."

"आणि आमच्या बॅगा?"

"त्या कोलोनला चालल्यात," तो म्हणाला. "त्या बरोबर गाडीत आहेत."

मी मराठीत हौसाला आणि रूथला सांगितलं. हौसा म्हणाली, "आता गं बया! बॅगा एकीकडं आन् आपण एकीकडं?" रूथ वच्छीकडे बघत होती.

तो तपासनीसही वच्छीकडेच बघत होता. त्याच्या चेहऱ्यावर गोंधळ होता. "पण मॅडम," तो म्हणाला, "तुम्हाला मी बर्लिनच्या फलाटावर सगळं समजावून सांगितलं होतं. कुठला भाग कुठं जातो, कुठं वेगळे होतात. तुम्ही दोनदा विचारलंत. तुमचा काही गैरसमज झाला का?"

"नो, नो," वच्छी म्हणाली. "यू टोल्ड व्हेरी नाइसली. थँक यू."

तो बिचारा मान हलवत पुढं गेला. डॉर्टमुंडला उतरून गाडी बदलता येईल एवढं जाताना सांगून गेला.

मी वच्छीकडे वळले. "वच्छे, तुला माहीत होतं?"

"हो."

"गाडी तुटणार हे माहीत होतं?"

वच्छीनं बोटाला लागलेली चटणी चाटली. "सरोजा, मी मिरज जंक्शनला पॉइंटमनच्या पोटी जन्मले. अंथरुणात पडल्या पडल्या नुसत्या आवाजावरनं सांगायचे, कोल्हापूरचे डबे तोडले का हुबळीचे. जोडगाडी मला कळायची नाही होय?"

"मग मुद्दाम आणलंस आम्हाला इकडं?"

"डबा इकडं उघडला म्हणजे तुम्ही इकडं येणारच. त्यात काय अवघड होतं?"

मी चांगलीच संतापले. मेट्रन म्हणून मी कितीतरी नर्सांना फैलावर घेतलंय, पण वच्छीला रागावायची वेळ कधी आलीच नव्हती, त्यामुळं सुरुवात कुठून करायची तेच कळेना. ते काम रूथनं केलं. हळू आवाजात तिनं विचारलं, "वच्छे, तुला जायचं नाही ना?"

वच्छीनं मान हलवली. नाही. एवढीशी मान हलवली, पण मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच हलवली. मग ती बोलायला लागली आणि आम्ही तिघी ऐकत राहिलो.

"मला थोडा वेळ पाहिजे होता. गाडी कोलोनला थांबली असती, की मकरंद समोर असता. त्यानं वाकून नमस्कार केला असता, म्हणाला असता, आई, आलीस, आणि मी म्हणाले असते, हो रे बाळा. संपलं असतं. त्याचा चेहरा बघितला की मला नाही म्हणता येत नाही. फोनवर म्हणेन, फोनवर म्हणेन, म्हणत आठ दिवस काढले. व्हिएन्ना झालं, प्राग झालं. आज शेवटची गाडी. बर्लिनला ह्या दोन गाड्या जोडलेल्या दिसल्या आणि वाटलं, देवानंच सोय केली."

"अगं, पण मिरजेतच सांगायचं व्हतंस!" हौसा म्हणाली. "हितवर यायचं काय नडलं व्हतं?"

"मिरजेत सांगितलं असतं तर सरोजानं मला समजावलं असतं," वच्छी म्हणाली. "आणि मला ते पटलं असतं. सरोजाचं मला नेहमीच पटतं. तीच तर अडचण आहे."

ती हे हसत हसत म्हणाली, पण मला ते बरोबर लागलं. मी खिडकीबाहेर बघू लागले. बाहेर कारखान्यांची धुराडी होती.

"तिथं मला काय कमी आहे?" वच्छी पुढं म्हणाली. "खोली आहे, खिडकीतनं नदी दिसते. सून चांगली आहे. रेवा तर माझा जीव आहे. पण तिथं मला कुणी सिस्टर म्हणणार नाही गं. मिरजेत सकाळी दार उघडलं की पायरीवर कुणीतरी बसलेलं असतं. सिस्टर, जरा बघा की. सिस्टर, हात सुजलाय. सरोजा म्हणते आराम कर. मला आराम नको. मी मेले तर त्या पायरीवर कुणीतरी रडलं पाहिजे. कोलोनला मी मेले तर शेजारच्याला कळणारपण नाही, इथं कोण म्हातारी राहत होती ते."

रूथनं तिचा हात धरला. हौसा नाक ओढत होती आणि ते लपवायला भडंगाचे बकाणे भरत होती.

गाडी डॉर्टमुंडला आली. मी सवयीनं उभी राहिले. "चला, उतरा. इथून कोलोनची गाडी मिळेल. काय बोलायचं ते तिथं जाऊन बोलू. मी बोलते मकरंदशी."

"सरोजा, बस खाली," वच्छी म्हणाली.

दारं उघडली. माणसं उतरली, माणसं चढली. मी उभीच. आयुष्यात मला 'बस खाली' म्हणणारं माणूस एकच झालं, माझी आई, आणि तीही फार लवकर गेली. मी वच्छीच्या तोंडाकडे पाहिलं. ती काही माझ्यावर चिडलेली नव्हती. ती घाबरलेली होती, आणि तरीही सांगत होती. मी बसले. दारं मिटली आणि डॉर्टमुंड मागं गेलं.

डुसेलडॉर्फ जवळ आलं तशी वच्छीनं फोन काढला. रूथला म्हणाली, "तो मोठ्यानं लाव. तुम्ही ऐकत असलात म्हणजे मला मागं फिरता येणार नाही."

रूथनं बटण दाबलं. लगेचच मकरंदचा आवाज आला. "आई! अगं, मी गाडीत चढलोय, तुमच्या जागांवर कोणीच नाही! नुसत्या बॅगा आहेत! कुठं आहेस तू?"

"घाबरू नको. आम्ही दुसऱ्या भागात बसलो. डुसेलडॉर्फला उतरून येतो. चौघी सुखरूप आहोत."

"दुसऱ्या भागात? अगं, कसं काय? थांबा तिथंच, मी गाडी घेऊन येतो."

"मकरंदा, ऐक." तिनं टेबलाची कड पकडली. "मी येते, पण राहायला नाही येत. पाहुणी म्हणून येते. महिनाभर राहीन, रेवाला गोष्टी सांगेन, सुनेला चार दिवस उशिरा उठू देईन. मग मी मिरजेला परत जाणार. घर विकायचं नाही. त्या माणसाला आजच कळव. तू बोलावलंस, एवढं सगळं केलंस, मला फार बरं वाटलं. पण मला यायचं नाही रे."

मकरंद म्हणाला, "आई, तू..." आणि फोन बंद झाला.

त्यानं कट केला की लाइन गेली, कुणाला कळेना. हौसा म्हणाली, "परत लाव." वच्छी म्हणाली, "नको. मला जे बोलायचं होतं ते बोलून झालं. परत लावला तर मी माफी मागेन." तिनं फोन पिशवीत टाकला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मी आपोआप तिचं मनगट धरलं आणि नाडीवर बोटं ठेवली.

"काय म्हणते?" तिनं विचारलं.

"पळतीय."

"पळू दे."

डुसेलडॉर्फला आम्ही उतरलो आणि कोलोनच्या गाडीत बसलो. मला सारखं वाटत होतं, मुलगा दुखावला असणार. एकुलता एक, बापाविना वाढलेला. तो स्टेशनवर आला नाही तर? आला आणि म्हणाला, ठीक आहे, मग महिनाभर तरी कशाला थांबतेस? वच्छीच्या मनात काय होतं ते तिच्या हातांवरून कळत होतं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती. मला तिला दहा गोष्टी सांगायच्या होत्या. कसं बोलायचं, कुठून सुरुवात करायची, तो काय म्हणाला तर आपण काय म्हणायचं. मी एकही सांगितली नाही. माझ्या हातून त्या सगळ्या प्रवासात झालेलं हे सगळ्यात अवघड काम.

कोलोनला फलाटावर तो होता. टक्कल पडायला लागलेला, उंच, बापाच्या वळणाचा. चार बॅगा भोवती घेऊन उभा होता, आणि डोळे लाल होते. वच्छी गाडीच्या पायरीवरच थांबली. मग उतरली. त्यानं भर फलाटावर, एवढ्या गोऱ्या लोकांत, वाकून तिला नमस्कार केला, मग मला, रूथला, हौसाला.

"सरोजमावशी, प्रवास बरा झाला?" त्यानं विचारलं. आवाज बसलेला होता.

"आईला विचार," मी म्हटलं.

मकरंद आईकडे वळला. "फोन मीच कट केला."

"कळलं मला."

"रागानं नाही गं. बॅगा उतरवत होतो, आजूबाजूला माणसं होती, आणि मला रडायला आलं." त्यानं घसा साफ केला. "मला वाटलं, तुला यायचंय. बाबा नाहीत, तू एकटीच राहतेस. सगळे मला विचारायचे, आईला असं एकटं ठेवलंस? मला झोप लागायची नाही. आणि तू एकदाही नाही म्हणाली नाहीस."

"तुझी काही चूक नाही," वच्छी म्हणाली. "मला येतच नव्हतं म्हणायला."

"आणि महिनाभरानं मी परत विचारलं, आई, राहतेस का, तर?"

"विचार की. रोज विचार. माझा सराव होईल."

हौसा फस्सकन हसली. मग मकरंद हसला, आणि हसता हसता पुन्हा त्याचे डोळे भरले. त्यानं वच्छीला जवळ घेतलं. ती त्याच्या खांद्याएवढीच होती. बराच वेळ ती दोघं तशीच उभी राहिली आणि माणसं त्यांना वळसा घालून जात राहिली. मी बॅगा मोजायचं निमित्त करून पाठ फिरवली. मला रडायचं होतं आणि रडले.

मग त्यानं डोळे पुसले आणि तिथंच, बॅगेवर बसून, खिशातून फोन काढला.

"काय करतोस?" वच्छीनं विचारलं.

"तुझं परतीचं तिकीट काढतो. आत्ताच काढतो. घरी गेल्यावर माझा विचार बदलेल." तो काहीतरी बोटांनी सरकवत राहिला. आम्ही तिघी त्याच्याभोवती उभ्या होतो. "पुढच्या महिन्यात शेवटच्या आठवड्यात आहे एक. काढू?"

"काढ."

"खिडकीची जागा देतो तुला. तुला खिडकी लागते ना?"

लग्नाच्या वरातीच्या गाडीपासून आजवर वच्छीला सगळ्यांनी खिडकीतच बसवलं होतं, कौतुकानं, आणि ती बसली होती. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मी तोंड घट्ट मिटून घेतलं.

"नको," वच्छी म्हणाली. "मला वाटेच्या कडेची दे. मनात आलं की उठता आलं पाहिजे."